टर्बो गाडीचं पहिलं ट्यूनिंग आणि डायनो: ऑक्टाव्हिया आरएस २३० धरून

स्कोडाच्या ऑक्टाव्हिया आरएस २३० मध्ये दोन लिटरचं, तिसऱ्या पिढीचं ईए८८८ टर्बो पेट्रोल इंजिन आहे. कंपनीचे आकडे २३० पीएस आणि ३५० न्यूटन-मीटर, सोबत सहा गिअरचा डीक्यू२५० डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. याच गाडीत नुसतं ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं, सॉफ्टवेअर बदललं, म्हणजे ज्याला सगळे ‘स्टेज वन’ म्हणतात ते केलं, की इंजिन साधारण २८० ते ३०० पीएसपर्यंत आणि ४०० न्यूटन-मीटरच्या वर सहज जातं. एकही नट न खोलता एवढी ताकद मिळते, म्हणून नवखा माणूस थेट फाइल, म्हणजे हे नवं सॉफ्टवेअर, टाकायला धावतो. खरं काम मात्र फाइलच्या आधी आणि फाइलच्या नंतर आहे. तेच, डायनोवरच्या (रोलरवर गाडी चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावरच्या) मोजणीसकट, इथे क्रमाने मांडतो आहोत.

दुसरी गाडी असेल तर आधी गिअरबॉक्स बघा. ऑक्टाव्हिया १.८ टीएसआयचा टॉर्क कंपनीने २५० न्यूटन-मीटरवर रोखलेला आहे. तो इंजिन अशक्त म्हणून नाही, तर पुढचा सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीक्यू२०० तेवढ्याच भारासाठी बनवला आहे म्हणून. या गाडीत स्टेज वन करणं म्हणजे क्लचचं आयुष्य खर्ची घालणं. आरएसमधल्या डीक्यू२५० चे क्लच तेलात बुडालेले असतात आणि तो बराच जास्त भार पेलतो. मात्र त्याचं तेल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदललेले हवेत. बिल सापडत नसेल तर ते बदललेले नाहीत असंच समजा.

आधी गाडी निरोगी आहे का ते बघा

आजारी इंजिनावर चढवलेला बूस्ट, म्हणजे टर्बोने हवेला दिलेला जादा दाब, आजार वाढवतो. ही तपासणी एका दिवसात होते:

१. कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) पूर्ण उघडा. आकडा नेमका किती आला यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या किती जवळ आहेत ते महत्त्वाचं. एखादा बाकीच्यांपेक्षा १० टक्क्यांहून जास्त खाली असेल तर ट्यूनिंग बाजूला ठेवा आणि लीक-डाउन टेस्ट करून, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून, ती कुठून जाते ते शोधा. ऑइल फिलरच्या तोंडाशी सुसकारा ऐकू आला तर रिंग, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह.

२. बूस्टची गळती. टर्बोच्या तोंडाला बूच लावून कॉम्प्रेसरने, रेग्युलेटरमधून, १ बारपर्यंत हवा भरा आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारा. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपांचे ओ-रिंग आणि डायव्हर्टर व्हॉल्व्ह (थ्रॉटल मिटल्यावर जादा दाब वळवणारी झडप) इथेच बहुतेक वेळा बुडबुडे येतात. गळती थोडी असली तरी ईसीयू बूस्टचं लक्ष्य गाठतोच, पण त्यासाठी टर्बोला जास्त वेगाने फिरवतो. म्हणून गाडी चालवताना काहीच जाणवत नाही आणि टर्बो मात्र झिजत राहतो.

३. प्लग आणि कॉइल. बूस्ट वाढला की प्लगच्या फटीतली हवा दाट होते आणि ठिणगीला उडी मारणं अवघड जातं. फट ०.६ ते ०.६५ मिलिमीटर ठेवा आणि प्लग एक पायरी ‘थंड’, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा, घ्या. इरिडियमच्या टोकावर फीलर गेज आपटू नका, मधला इलेक्ट्रोड तुटतो. फट नेहमी बाहेरचा इलेक्ट्रोड वाकवून जमवायची. ट्यून केलेल्या गाडीत प्लग २० ते २५ हजार किलोमीटरला बदलून टाका.

४. कूलंट. पाण्याच्या पंपाचं आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिक आवरण गळणं हा या इंजिनाचा जुनाच आजार आहे. इनटेक मॅनिफोल्डच्या खाली टॉर्च मारून वाळलेल्या कूलंटचे डाग बघा.

तेल ताजं हवं, पातळी वरच्या खुणेजवळ हवी. साठलेले फॉल्ट कोड वाचा, लिहून घ्या, पुसा आणि दोन दिवस गाडी चालवून परत वाचा. मिसफायरचा एक जरी कोड परत आला तरी पुढे जाऊ नका.

पेट्रोल: मॅप ठरवणारी गोष्ट

परदेशातल्या आकड्यांशी आपल्या गाडीची तुलना करून निराश होणारे खूप असतात. तिकडची फाइल ज्या ऑक्टेनसाठी लिहिलेली असते ते पेट्रोल इथल्या प्रत्येक पंपावर मिळत नाही. त्यामुळे पहिला प्रश्न हा: रोजच्या वाटेवर तुम्हाला काय मिळतं? मोठ्या शहरांत इंडियन ऑइलचं एक्सपी९५ किंवा त्याच दर्जाचं दुसऱ्या कंपनीचं पेट्रोल मिळतं, काही निवडक पंपांवर एक्सपी१०० मिळतं. पुण्यात राहून कोकणात किंवा गोव्याला वरचेवर जाणाऱ्याने १०० ऑक्टेनवर बेतलेला मॅप (फाइलमधली बूस्ट, ठिणगी आणि इंधनाची कोष्टकं) टाकला, तर परतीच्या प्रवासात तो अडकणारच. मॅप ९५ वर बेतून घ्या. १०० चं पेट्रोल कधी मिळालं तर तो बोनस.

ऑक्टेनचा संबंध नॉकशी आहे. ठिणगी पडल्यावर ज्योत पसरत जाते, पण तिच्यापुढचं न जळलेलं मिश्रण उष्णता आणि दाबाने आपोआप पेटलं तर सिलिंडरमध्ये हातोड्यासारखा धक्का बसतो. ब्लॉकवरचा नॉक सेन्सर तो ऐकतो आणि ईसीयू त्या सिलिंडरची ठिणगी काही अंश उशिरा टाकतो. हा बचाव चांगला आहे, पण मर्यादित. ठिणगी उशिरा पडली की ताकद घटते आणि एक्झॉस्टचं तापमान चढतं. म्हणजे टर्बो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजतात.

इथेनॉलचा हिशोब वेगळा लक्षात ठेवा. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, ई२० ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) सुमारे १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी ८ ते ९ टक्के जास्त इंधन फवारावं लागतं, आणि हाय प्रेशर पंपाची शिल्लक क्षमता तेवढीच कमी होते. दुसरी गोष्ट, एअर-फ्युएल रेशोचे (हवा आणि इंधनाच्या प्रमाणाचे) आकडे पाठ करू नका, लॅम्डा वापरा. लॅम्डा १ म्हणजे इंधन आणि हवा नेमकी जुळलेली, मग इंधन कोणतंही असो. गेजवर १२.० दिसतं ते पेट्रोल गृहीत धरून. ई२० वर खरा आकडा ११ च्या जवळ असतो. लॅम्डा मात्र दोन्हीकडे ०.८२ च. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयूने इंधनाच्या हिशोबात कायम लावलेली दुरुस्ती) अधिक ५ ते ८ टक्के दिसली तरी लगेच गळतीमागे लागू नका. ई२० मुळेही ती तेवढी सरकते.

लॉग काढायला शिका

डायनोचं बिल भरण्याआधी हे शिकून घ्या. लॉग म्हणजे गाडी चालताना ईसीयूतून घेतलेली आकड्यांची नोंद. व्हीसीडीएस, ओबीडीइलेव्हन किंवा ट्यूनरचं स्वतःचं साधन, काहीही चालेल. एकाच वेळी वीस गोष्टी लॉग केल्या तर प्रत्येकीचे नमुने विरळ येतात आणि नेमका नॉकचा क्षण निसटतो. पहिल्या फेरीत एवढंच घ्या: आरपीएम, मागितलेला बूस्ट आणि प्रत्यक्ष बूस्ट, ठिणगीचा कोन, चारही सिलिंडरचा टायमिंग रिटार्ड (नॉकमुळे ठिणगी किती अंश उशिरा टाकली), आत येणाऱ्या हवेचं तापमान. दुसऱ्या फेरीत लॅम्डा मागितलेला आणि प्रत्यक्ष, रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या इंधनाचा दाब) मागितलेलं आणि प्रत्यक्ष, वेस्टगेटची (टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेची) स्थिती, थ्रॉटलचा कोन.

मागितलेलं आणि प्रत्यक्ष, या जोडीतच सगळं निदान आहे. प्रत्यक्ष बूस्ट मागितलेल्याच्या खाली आणि वेस्टगेट पूर्ण बंद, तर गळती आहे किंवा टर्बोची हद्द संपली. आरएस २३० चा टर्बो लहान आहे. तो लवकर उठतो, पण साडेपाच हजारांच्या पुढे दमतो. तिथे बूस्ट उतरता असणं हे चांगल्या फाइलचं लक्षण आहे. शेवटपर्यंत सपाट बूस्ट दाखवणारी फाइल टर्बोला त्याच्या वेगमर्यादेपलीकडे फिरवते आणि बदल्यात फक्त गरम हवा मिळते. या इंजिनात रेल प्रेशर पूर्ण भाराला २०० बारच्या आसपास मागितलं जातं. प्रत्यक्ष आकडा १५ बारहून जास्त खाली पडून तिथेच राहिला तर पंप संपला. त्यापुढे बूस्ट वाढवणं म्हणजे मिश्रण पातळ करणं.

रिटार्डबद्दल ढोबळ नियम असा: एखाद्या सिलिंडरवर क्षणभर २ ते ३ अंश दिसणं चालतं. एकाच सिलिंडरवर दर रनमध्ये (पूर्ण पेडलच्या एका फेरीत) ४ अंश किंवा जास्त दिसलं तर तिथल्या तिथे पाय काढा. चारही सिलिंडरवर सारखंच वाढत असेल तर कारण पेट्रोल किंवा उष्णता. एकावरच असेल तर प्लग, कॉइल, इंजेक्टर किंवा त्या सिलिंडरमधली काजळी.

डायनोचा दिवस

दोन जातीचे डायनो भेटतील. इनर्शिया डायनोत जड रोलर असतो. तो किती झपाट्याने वेग घेतो यावरून ताकद काढतात. लोड डायनोत रोलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतो, त्यामुळे गाडी ठरावीक आरपीएमवर धरून ठेवता येते. टर्बो गाडीचा मॅप नव्याने घडवायचा असेल तर लोड डायनो हवा. इनर्शिया डायनोवर रन लवकर संपतो आणि टर्बोला उठायला रस्त्यावर मिळतो तेवढा वेळ मिळत नाही. केवळ आधी-नंतरची तुलना करायची असेल तर कोणताही चालेल. अट एकच: दोन्ही वेळा तोच डायनो, त्याच सेटिंगवर.

गाडी बांधण्याचं काम ऑपरेटरचं असलं तरी नजर तुमची ठेवा. आरएसची पुढची चाकं ओढतात आणि पुढची चाकं रोलरवर डावी-उजवीकडे सरकायला बघतात. म्हणून पुढे दोन पट्टे तिरके, मागे दोन, आणि मागच्या चाकांना ठोकळे. पुढचे पट्टे गाडी दाबून बसवतील एवढे आवळू नका. टायर चेपला की रोलरवरचा अपव्यय वाढतो आणि आकडा घटतो. टायरमध्ये दर वेळी तीच हवा ठेवा, ३५ पीएसआय म्हणजे ३५. इंटरकूलर आणि रेडिएटरसमोर मोठा पंखा हवा. घरगुती पंखा ठेवणाऱ्या ठिकाणी टर्बो गाडी चढवू नका. एक्झॉस्ट बाहेर नेणारी नळी, हाताशी अग्निशामक आणि चाकांच्या सरळ रेषेत पुढे-मागे कोणीही उभं न राहणं, या तीन गोष्टींवर तडजोड नको.

मग क्रम असा:

इंजिन पूर्ण गरम करा. पाणी ९० अंशांच्या आसपास, तेल किमान ८०. तेल १२० च्या वर गेलं की थांबा.

ईएसपी आणि ट्रॅक्शन कंट्रोल बंद. मागची चाकं स्थिर आणि पुढची १५० च्या वेगाने फिरताना दिसली की गाडी घसरते आहे असं समजून ईसीयू ताकद कापतो. ग्राफवर अचानक कडा कोसळली तर आधी हेच तपासा.

गिअर मॅन्युअल मोडमध्ये चौथा. आणि इथे डीएसजीची एक खोड: पेडल तळाशी असलेल्या किकडाउनच्या खटक्यापलीकडे दाबलं की मॅन्युअल मोडमध्येही गाडी खालचा गिअर टाकते. खटक्याच्या जरा अलीकडे पाय थांबवा. तिथेही थ्रॉटल पूर्ण उघडा असतो, लॉगमध्ये कोन बघून खात्री करा.

दोन हजार आरपीएमपासून हळूच भार घ्या, मग पूर्ण पेडल, साडेसहा हजारांच्या अलीकडे सोडा. लगेच ब्रेक मारू नका, रोलर आपोआप मंदावू द्या. अपव्यय मोजणारा डायनो असेल तर ऑपरेटर याच वेळी गिअर न्यूट्रलमध्ये मागतो.

असे तीन रन. मधल्या वेळात आत येणाऱ्या हवेचं तापमान पहिल्या रनच्या सुरुवातीला होतं त्याच्या ५ अंशांच्या आत येईपर्यंत थांबा. तिन्ही आकडे २ टक्क्यांच्या आत हवेत. पहिला मोठा आणि पुढचे उतरते आले तर इंटरकूलर तापतोय. मे महिन्यात ३८ अंशांत हे हमखास होतं.

फाइल न बदलता काढलेले हे तीन रन म्हणजे तुमचा पाया. ते नसतील तर नंतरच्या कोणत्याही आकड्याला अर्थ नाही.

आकडा वाचताना

डायनो चाकांवरची ताकद मोजतो. इंजिनाची ताकद हा त्यावरून बांधलेला अंदाज असतो. ‘१५ टक्के जोडा’ हा सरसकट नियम कोणत्याही गाडीला नीट लागू पडत नाही. चाकांचा आकडा मागा आणि तोच जपून ठेवा.

दुसरा सापळा करेक्शनचा. हवामान वेगळं असलं तरी आकडे तुलना करता यावेत म्हणून सॉफ्टवेअर त्यांना गुणक लावतं. एसएई जे१३४९ मध्ये २५ अंश आणि ९९० मिलिबार कोरडी हवा धरतात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, हवेचा दाब ९५० मिलिबारच्या आसपास. ३५ अंशांच्या दुपारी हा गुणक १.०७ येतो, म्हणजे चाकांवर २०० मोजले तर कागदावर २१४. हे सूत्र बिनटर्बोच्या इंजिनांसाठी घडलं. टर्बो गाडीचा ईसीयू मॅनिफोल्डमधला दाब लक्ष्याप्रमाणे धरून ठेवतो, पातळ हवेची बरीचशी भरपाई टर्बोच करतो. न गमावलेली ताकद कागदावर परत मिळते. जुनं एसटीडी करेक्शन १५.५ अंशांचं आहे, ते याहूनही उदार. म्हणून कागदावर करेक्शनचं नाव आणि गुणक छापून घ्या, आणि शक्य तर न सुधारलेला आकडाही.

ग्राफ खरा आहे का, हे वहीवरही तपासता येतं. न्यूटन-मीटर गुणिले आरपीएम, भागिले ७०२४, बरोबर पीएस. कंपनीचे ३५० न्यूटन-मीटर ४६०० आरपीएमला धरले की २२९ येतात, जुळतं. आकडे जुळत नसतील तर डायनोला गाडीचा आरपीएम नीट मिळत नाही. टॉर्क खोटा, पीएस कदाचित खरा.

रेघ करवतीसारखी दातेरी असेल तर मिसफायर, बहुतेकदा प्लगची फट. आरपीएम उडतो आणि टॉर्क पडतो तर क्लच घसरतोय. आणि रेघ अगदीच तुळतुळीत असेल तर स्मूदिंग किती लावलंय ते विचारा. दोष त्याखाली लपतात.

फाइल बदलताना

या ईसीयूला ‘बूस्ट वाढव’ असं थेट सांगता येत नाही. पेडल म्हणजे टॉर्कची मागणी, मागणीवरून हवेचं वजन, त्यावरून बूस्ट, त्यावरून वेस्टगेट. वाटेत ठिकठिकाणी मर्यादांची कोष्टकं असतात. एक वाढवलं आणि दुसरं विसरलं की थ्रॉटल मध्येच मिटतो. लॉगमध्ये पूर्ण पेडलला थ्रॉटल ७० टक्क्यांवर अडकलेला दिसला तर हेच घडलेलं असतं. बूस्ट सेन्सरला खोटं सांगणारे प्लग-इन बॉक्स स्वस्त पडतात, पण ईसीयूला खरा दाबच कळत नाही आणि त्याचे सगळे बचाव चुकीच्या आकड्यावर चालतात. ते घेऊ नका.

ट्यूनरसोबत बसलात तर काम या क्रमाने होताना दिसलं पाहिजे. मूळ फाइलची प्रत आधी तुमच्या हातात. मग कमी बूस्टची फाइल, अर्ध्या पेडलवर लॉग, त्यानंतर पूर्ण पेडल. बूस्ट ठरला की टायमिंग, एका वेळी १ अंश. टॉर्क वाढणं थांबलं किंवा रिटार्ड दिसायला लागला की तिथून २ अंश मागे. मिश्रण वरच्या आरपीएमला लॅम्डा ०.८० ते ०.८५ दरम्यान. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर फायदा कशाने झाला ते कधीच कळत नाही.

खालच्या आरपीएमच्या टॉर्कबाबत हावरेपणा नको. दोन हजारांच्या आसपास पूर्ण बूस्ट मिळाला की गाडी पहिल्या चक्करीत अफाट वाटते. पण याच पट्ट्यात ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा, एलएसपीआयचा, धोका असतो. तो एका फटक्यात पिस्टनची रिंग-लँड (रिंगांमधली कडा) फोडू शकतो किंवा कनेक्टिंग रॉड वाकवू शकतो, आणि नॉक सेन्सर त्यापुढे हतबल असतो. टॉर्क तीन हजारांपर्यंत हळूहळू चढवून घ्या. आणि सहाव्या गिअरमध्ये १५०० वरून पूर्ण पेडल कधीच दाबू नका.

डीएसजीची टीसीयू (गिअरबॉक्सच्या संगणकाची) फाइलही जोडीने करावी लागते. मूळ टीसीयूला वाढलेला टॉर्क माहीतच नसतो. क्लचवरचा दाब कमी पडतो किंवा तो ईसीयूकडे टॉर्क कापण्याची मागणी करतो.

कायदा आणि वॉरंटी

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून गाडी रस्त्यावर आणू नका; स्टेज वनला त्याची गरजही नाही. फोक्सवॅगन गटाच्या सर्व्हिस सेंटरमध्ये बदललेली फाइल ओळखली की गाडीच्या नोंदीवर टीडी१ हा शिक्का बसतो आणि मूळ फाइल परत टाकली तरी तो जात नाही. वॉरंटी शिल्लक असेल तर ती संपेपर्यंत थांबा. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येतो.

फाइल टाकल्यावर

पहिले ५०० किलोमीटर रोजच्या वापरातले ठेवा आणि दर टाकीला एक लॉग काढा. पंप बदलला, तर त्या टाकीचा लॉग वेगळ्या नावाने ठेवा. पहिल्या ५०० नंतर एक प्लग काढून बघा: पांढऱ्या चिनी मातीवर काळे किंवा चमकते बारीक ठिपके दिसले तर तो नॉक आहे, लॉग काहीही म्हणो. तेल आता ७,५०० किलोमीटरला बदला आणि पातळी दर हजारला बघा. वेगाची हौस ट्रॅकवर भागवा, कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे त्यासाठीच आहे. एक्सप्रेसवेवर पूर्ण पेडलचे लॉग काढणं दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे.

हिवाळ्यात केलेला मॅप एप्रिलमध्ये परत तपासा. जानेवारीच्या सकाळी आत येणारी हवा २५ अंश असते, एप्रिलच्या दुपारी खंबाटकी चढताना तीच ६० च्या वर जाते. फोल्डरमध्ये मूळ फाइल, चालू फाइल, पायाचे तीन रन, आणि प्रत्येक लॉगच्या नावात तारीख, पंप, ऑक्टेन आणि बाहेरचं तापमान. गाडी कुठे अडखळली तर ट्यूनर सगळ्यात आधी हेच मागतो.